अम्मीचे मंगळवार-शुक्रवार आणि गाडीचा हिशेब

साक्रीहून धुळे पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे दहा. हा आकडा आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहे, कारण दीड वर्षापासून अम्मीचं डायलिसिस धुळ्याला सुरू आहे. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी सातला निघायचं, चार तास मशीनवर, थोडी विश्रांती, मग परतीचा रस्ता. शुक्रवारी जुम्याची नमाज मी धुळ्यातच पढतो. ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना सांगायला नको की डायलिसिसला ‘आज जमत नाही, उद्या येतो’ चालत नाही. लग्न असो, मय्यत असो, पाऊस असो, मशीनचा वार ठरलेला असतो.

एसटीने जाऊन पाहिलं. तिकिटाचा प्रश्न नव्हता. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. प्रश्न परतीचा होता. मशीनवरून उठलेल्या माणसाचं अंग कापसासारखं झालेलं असतं, रक्तदाब खाली आलेला असतो. सुरतेकडे जाणाऱ्या भरल्या गाडीत जागा मिळेपर्यंत दांडीला धरून उभं राहणं अम्मीला शक्य नव्हतं. मग गल्लीतल्या एकाची गाडी भाड्याने ठरवली. थांबण्यासकट एका फेरीचे १,८०० रुपये. महिन्याच्या आठ फेऱ्या, म्हणजे १४,४०० रुपये. मी एका खासगी संस्थेत लिपिक आहे, माझ्या हातात २८ हजार येतात. धाकट्या भावाचं बसस्थानकाजवळ बांगड्या-कटलरीचं दुकान आहे. लग्नसराईत बरं चालतं, पावसाळ्यात माशा मारतं. दोघांच्या कमाईत १४,४०० हा आकडा बसत नव्हता. बसवला जात होता.

म्हणून गाडी. हौस म्हणून नव्हे, म्हणून तिचा हिशेबही हौसेचा करून चालणार नव्हता. आमच्याकडे साठवलेले तीन लाख होते. नवी घ्यायची की जुनी, या प्रश्नावर दोन महिने घरात खल चालला. त्यातलं जे कळलं ते लिहितोय, कारण आपल्यातल्या पुष्कळ घरांत हाच प्रश्न याच आकड्यांच्या आसपास उभा असतो.

पहिली गोष्ट अम्मीच्या गुडघ्यांनी ठरवली. शोरूममध्ये सगळ्यात स्वस्त गाड्या बुटक्या असतात. त्यांत बसायला वाकावं लागतं आणि उतरताना कोणीतरी ओढून काढावं लागतं. अम्मीला तीन-चार गाड्यांत बसवून पाहिलं. वॅगन आरची सीट उंच, दार मोठं, पाय खाली टेकवून सरळ उभं राहता येतं. गाडीचं नाव ठरलं. राहिला नवी-जुनीचा प्रश्न.

नवीच्या बाजूने बोलणारे घरात जास्त होते आणि त्यांचं म्हणणं फोल नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या वॅगन आरची सुरुवातीची शोरूम किंमत ४,९८,९०० रुपये झाली. पण शोरूमची किंमत ही फक्त दारापर्यंतची किंमत असते. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ताकर लागतो, म्हणजे आणखी जवळपास ५५ हजार. त्यावर विमा, ज्यात तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. नोंदणी आणि बारीकसारीक धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत आकडा ५ लाख ८५ हजारांच्या घरात गेला.

त्या पैशात काय मिळतं, हेही प्रामाणिकपणे मोजलं पाहिजे. तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची हमी. सहा एअरबॅग. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशाच बनतात, आणि आता पंपावर तेच पेट्रोल मिळतं. पांझराकान साखर कारखाना बंद पडून वर्षं झाली, पण इथेनॉल मात्र आमच्या टाकीत येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मंगळवारी सकाळी सातला चावी फिरवली की गाडी सुरू होईल, हा भरवसा. कुसुंब्याजवळ गाडी बंद पडली आणि मागे अम्मी बसलेली आहे, या विचाराने माझी बायको रात्री उठून बसायची. ‘दोन पैसे जास्त गेले तरी चालतील,’ ती म्हणायची, ‘रस्त्यात थांबायला नको.’

मग कर्जाचा कागद मांडला. आमचे तीन लाख घालून २ लाख ८५ हजार उरत होते. नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, हप्ता ५,९०० च्या थोडा वर. पाच वर्षांत व्याजाचे जवळपास ७० हजार. नव्या गाडीचं कर्ज जुनीपेक्षा स्वस्त असतं, हेही इथेच कळलं. जुन्या गाडीच्या कर्जाला चौदा टक्क्यांच्या आसपासचे दर सांगण्यात आले. एकाने ‘फक्त आठ टक्के’ म्हणून आमचे डोळे चमकवले. मी खोदून विचारल्यावर कळलं की हा ‘फ्लॅट’ दर आहे. म्हणजे तुम्ही दरमहा मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर लागत राहतं. दोन लाखांवर तीन वर्षांत ४८ हजार व्याज. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास पडतो. कोणी दर सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारावा: फ्लॅट की घटता? आणि दुसरा: शेवटी एकूण किती भरायचे?

इथे अम्मी बोलली. तोवर ती ऐकत होती. म्हणाली, “बेटा, सूद की गाडी में बैठके मैं दवाखाने नहीं जाती.”

या विषयावर मुसलमानांमध्ये एकमत आहे असं मी म्हणणार नाही. बँकेच्या कर्जावर घर घेतलेले, गाडी घेतलेले, दुकान वाढवलेले कितीतरी लोक आमच्या मोहल्ल्यात आहेत, नमाजीही आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण गाडी जिच्यासाठी घ्यायची तिचंच मन त्यात बसणार नसेल, तर हिशेब तिथेच चुकतो. शिवाय व्याजाची धास्ती ही काही फक्त मुसलमानाची नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं-वह्या काढून जाळल्या होत्या. ते कुठल्या आयतीसाठी नव्हतं. आमच्या शेजारचे पाटीलबाबा आजही ट्रॅक्टरच्या हप्त्याचा विषय निघाला की आवाज खाली आणून बोलतात.

मामूंनी मार्ग सुचवला. ते पिंपळनेरला राहतात, रिटायर झालेत. म्हणाले, एक लाख माझ्याकडून घ्या, कर्ज-ए-हसना म्हणून. बिनव्याजी. महिन्याला चार हजार, पंचवीस महिन्यांत फिटेल.

आता दोन कागद समोर ठेवले. नवी गाडी: पेट्रोल अधिक हप्ता. जुनी गाडी: पेट्रोल, मामूंचे चार हजार आणि दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला टाकायचे दोन हजार. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच. महिन्याला ८८० किलोमीटर, लिटरला अठरा धरले तर ४९ लिटर, एकशे पाचच्या भावाने पाच हजारांहून थोडं जास्त. बेरीज केली तर नवीचे महिन्याला अकरा हजारांच्या आसपास आणि जुनीचेही अकरा हजारांच्या आसपास. भाड्याच्या गाडीपेक्षा दोन्ही स्वस्त, पण एकमेकींत फरक जवळपास शून्य. दोन महिने आम्ही ज्या प्रश्नावर वाद घालत होतो, त्याचा निकाल महिन्याच्या खर्चाने लागलाच नाही.

निकाल लागला तो वेगळ्या प्रश्नाने. भावाने विचारलं, “भाई, पावसाळ्यात माझं दुकान बसलं आणि त्याच महिन्यात अम्मीला ॲडमिट करावं लागलं, तर कुठला आकडा पुढे ढकलता येईल?” बँकेचा हप्ता ढकलता येत नाही. मामूंना एक फोन करता येतो. दुरुस्तीचे दोन हजार त्या महिन्यात औषधाला वापरता येतात. शिवाय मामूंचे पैसे पंचवीस महिन्यांत संपतात, बँकेचे साठ. आणि नव्या गाडीत आमचे तीन लाख पूर्ण जात होते. ज्या घरात कधीही दवाखान्याचा खर्च उभा राहू शकतो, त्या घराने हात पूर्ण रिकामा करून गाडी घेणं मला पटेना.

मी असं म्हणत नाही की जुनीच घ्यावी. ज्याचा पगार ठरल्या तारखेला येतो, ज्याच्या गाठीला गाडीनंतरही चार पैसे उरतात, आणि जो ती गाडी दहा-बारा वर्षं वापरणार आहे, त्याने नवी घ्यावी. नव्या गाडीचा तोटा सुरुवातीच्या वर्षांत असतो. विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता पाहा: गाडी एक वर्षाची होईतो १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. जो पाच वर्षांत विकतो तो ही घसरण स्वतःच्या खिशातून भरतो. जो बारा वर्षं ठेवतो त्याला ती वाटली जाते. आमची अडचण गाडीच्या किमतीपेक्षा आमच्या कमाईच्या चढउतारात होती.

जुनी ठरली, पण कोणती? इथे आम्ही एक रेघ ओढली. १ जुलै २०१९ पासून देशात बनणाऱ्या प्रत्येक कारला चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकची यंत्रणाही त्याच वर्षी एप्रिलपासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग मात्र सगळ्या गाड्यांना २०२१ च्या अखेरीस लागू झाली. त्याआधी ती काही मॉडेलांना होती, काहींना नव्हती. आमच्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते, सुरतेचं कापड आणि काय काय घेऊन. म्हणून नियम केला: जुलै २०१९ नंतरचीच, आणि पुढे दोन एअरबॅग असलेलीच. यामुळे अडीच लाखांच्या पुष्कळ ‘चकाचक’ गाड्या आपोआप बाद झाल्या. अम्मी मागे बसते, पण चालवणारा मी किंवा भाऊ. आमच्यापैकी एकाला काही झालं तर अम्मीला नेणार कोण?

मग बाजार पाहिला. साक्रीत कोंडाईबारीचा घाट चढून गुजरातच्या गाड्या खूप येतात. जीजे-०५ म्हणजे सुरत. स्वस्त वाटतात. पण त्या आपल्या नावावर करायच्या तर तिकडच्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. इथे महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, आणि तिकडचा कर परत मिळवायला वेगळी पायपीट. चाळीस हजारांनी स्वस्त दिसलेली गाडी दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही. दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचंही तसंच. तिथे त्या चालवायला बंदी घातली गेली होती म्हणून इकडे वाहत आल्या.

एका वाहनबाजारात सुंदर पांढरी वॅगन आर पाहिली. मीटर ४२ हजार किलोमीटर दाखवत होतं. आमच्यासोबत ओळखीचा मिस्त्री होता. त्याने बॉनेट उघडण्याआधी ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, ते घासून गुळगुळीत झालेलं. स्टिअरिंगचं वरचं टोक चकाकत होतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. त्याने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ राहते म्हणून. ती नव्हती. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून नोंदी निघतात, त्या पाहायच्या म्हटल्यावर विकणाऱ्याचा सूरच बदलला. शेवटी नोंद निघाली. दोन वर्षांपूर्वीच गाडी एक लाख दहा हजार चाललेली होती.

बाहेर आल्यावर मिस्त्री अहिराणीत म्हणाला, “भाऊ, गाडी मंग दखा, पहिले मालक दखा.”

हीच गोष्ट एका अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० साली निबंध लिहून सांगितली होती. जॉर्ज अकरलॉफ त्याचं नाव. अमेरिकेत खोडीच्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तिकडे गाडीलाच लिंबू म्हणतात. त्याचं म्हणणं सोपं होतं. जुन्या गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मधला भाव पाहून चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात मी देत नाही, आणि बाजारातून निघून जातो. मागे खोडीच्याच गाड्या उरत जातात. या विचारासाठी २००१ साली त्याला आणखी दोघांसोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या गुरांच्या बाजारात हे सगळे जाणतात. बैलाचे दात पाहतात, चालवून पाहतात, खुरं उचलून पाहतात, रुमालाखाली बोटांनी भाव करतात. तरी शहाणा शेतकरी ओळखीच्या गावातला, ओळखीच्या दावणीचा बैल शोधतो. कारण दात बैलाचं वय सांगतात, स्वभाव नाही.

मग आम्ही गाडी शोधणं थांबवलं आणि मालक शोधायला लागलो. मोठ्या शहरात हे अवघड आहे. साक्रीसारख्या गावात हीच एक सोय आहे की कोणाची गाडी कुठे लागते, कोण रोज धुतो, कोणाचा पोरगा ती पवनचक्क्यांच्या डोंगरावर रात्री पळवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. नवी घेताना गावाच्या या माहितीचा काही उपयोग नाही. जुनी घेताना ती हजारोंची असते. मशिदीत, भावाच्या दुकानात, माझ्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला: विकायची असेल तर दलालाकडे जाण्याआधी सांगा.

पाचव्या आठवड्यात भावाच्या शाळेतल्या एका निवृत्त सरांचा निरोप आला. मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला चालले होते. ऑक्टोबर २०१९ ची वॅगन आर, एकच मालक, एमएच-१८, ४८ हजार किलोमीटर. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे फायलीत लावलेल्या. आम्ही बसलो तेव्हा चहा येण्याआधी सर म्हणाले, “आधी हिच्यातलं काय वाईट आहे ते ऐक. मागचं डावं दार एकदा ठोकरलंय, रंग नवा आहे. एसी मे महिन्यात कमी पडतो. आणि टायर आता बदलायला झालेत. बाकी मिस्त्रीला दाखव.”

मी कोणाकडून काही घेताना इतका निर्धास्त कधी झालो नव्हतो. खोड सांगणाऱ्या माणसाकडे गाडी घ्यावी, कारण न सांगितलेली खोडही त्याच्याकडे कमीच असते. तरी मिस्त्री नेला, सकाळी थंड इंजिनवर सुरू करून पाहिली, धूर पाहिला, मशीन लावून तपासली. सरांना याचा राग आला नाही. उलट म्हणाले, “नेलीच पाहिजे. मी मास्तर आहे, मेकॅनिक नाही.” त्यांनी ३ लाख ४० हजार सांगितले, ३ लाख २० हजारांवर ठरलं. तशाच गाडीला बाजारात साडेतीन लाखांच्या पुढे मागत होते. दलाल मधे नव्हता, म्हणून दोघांचंही बरं झालं. मधल्या काळात कोणीतरी अफवा उठवली होती की आता जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेतला तो निर्णय नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी आहे, आणि तोही त्यांच्या नफ्यावर. एका घरातून दुसऱ्या घरात विकलेल्या गाडीला तो लागत नाही.

विश्वासाचं एवढं बोललो म्हणून कागदाचं सांगायलाच हवं. आमच्याकडे ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून कागद टाळायची सवय आहे. गाडी तीन हातांतून जाते आणि आरसी पहिल्याच्या नावावर राहते. सुप्रीम कोर्टाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याची, गाडी त्याने कितीही आधी विकलेली असो. म्हणजे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही हवी. एकाच आरटीओतली गाडी असल्याने ना हरकत लागली नाही. फॉर्म २९ आणि ३०, सरांची सही, माझी सही. आधी परिवहनच्या साइटवर नंबर टाकून दंड थकलेला आहे का, बँकेचा बोजा आहे का, ते पाहून घेतलं. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. सरांचा ‘नो क्लेम बोनस’ आम्हाला मिळाला नाही, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. ताबा घेतल्याच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिहिली: सायंकाळी ५.४०. त्याआधीचा दंड सरांचा, नंतरचा आमचा.

मामूंचा कागदही असाच झाला. मामूंना आधी लागलं. “भांजे से लिखवाके लूं क्या मैं?” म्हणाले. मी त्यांना आठवण करून दिली की कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाजीवर नाही, रोज्यावर नाही, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आणि त्याला साक्षीदार करण्यावर आहे. ते हसले. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. त्यातले एक आमचे शेजारी पाटीलबाबा. सही करताना त्यांनी रकमेकडे पाहिलं, मग विचारलं, “व्याज कुठे लिहिलंय?” नाही म्हटल्यावर चष्मा काढून त्यांनी मामूंकडे नीट पाहून घेतलं.

सगळा खर्च मिळून असा झाला: गाडी ३ लाख २० हजार, नाव बदलणं आणि विमा १२ हजार, चार टायर, बॅटरी, सर्व्हिस आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलणं २८ हजार. तीन लाख साठ. चार लाखांतले चाळीस हजार हातात राहिले. ते गाडीचे नाहीत, दवाखान्याचे आहेत, आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय.

बायकोची काळजी मात्र खरी होती. ती कागदाने गेली नाही. म्हणून भाड्याने येणाऱ्या त्या गाडीवाल्याशी आम्ही संबंध तोडले नाहीत. त्याला सांगितलं आहे की कधी सकाळी साडेसहाला फोन आला तर ये, त्या दिवशी तुझा भाव तू सांग. विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीचा नंबरही घेतलाय. सोमवारी आणि गुरुवारी रात्री भाऊ तेल, पाणी, टायरची हवा पाहतो. जुन्या गाडीला हे करावंच लागतं.

चार महिने झाले. दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात दरमहा दोन हजार जातात. त्यातले २,६०० एसीला लागले. मामूंचे चार हप्ते वेळेवर गेले. सरांचा पुण्याहून मधे फोन आला, एसीचं काय झालं म्हणून. अम्मी आता परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आडवी होते. नेर ओलांडलं की तिला झोप लागते, ती शेवाळीला उठते. मागच्या शुक्रवारी भावाने विचारलं, दोन वर्षांनी मामूंचे पैसे फिटले की नवी घेऊ या का? अम्मीने डोळे न उघडता सांगितलं, “पहले इसके टायर का पैसा वसूल होने दे.”